हो, नळच शिकायला गेलेले

माझे बाबा पाणी सोडतात.

कल्याणमध्ये ज्यांच्या घरी अजून नळाची वेळ पाळतात त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. रस्त्याखाली मोठी पाइपलाइन असते. तिला गल्लीगल्लीला व्हॉल्व्ह असतात आणि त्यांच्यावर लोखंडी झाकणं. बाबा पहाटे चारला छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघतात, झाकण उचलतात, चावी आत घालून फिरवतात. त्या गल्लीत पाणी येतं. दोन तासांनी परत जाऊन ते बंद करतात आणि पुढच्या गल्लीत सोडतात. लोक त्यांना चावीवाला म्हणतात. पाणी कमी आलं तर आणखीही काय काय म्हणतात.

इटलीत तोरिनोला शिकायला गेल्यावर पहिले दहा महिने मी हे कुणालाच सांगितलं नाही. वडील काय करतात असं विचारलं की 'पाणी खात्यात आहेत' म्हणायचे, ते सुद्धा अशा सुरात की समोरच्याला टेबल-खुर्ची आणि पंखा दिसावा. ते दहा महिने मला आता खटकतात. म्हणून आज पहिल्याच ओळीत लिहून टाकलं.

आम्ही कल्याणजवळ मोहन्याला राहतो. दोन खोल्या, बाहेर एक पिंप, आत तीन कळश्या. बाबा नववीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. दोघंही कोकणातून आलेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग डिप्लोमा, मग ठाण्याच्या कॉलेजात सिव्हिल. तिथल्या एका मॅडमनी इटलीतल्या शिष्यवृत्तीचा कागद हातात दिला आणि म्हणाल्या, "भर हा. नाही म्हणाले तर नाही." ते हो म्हणाले. तोरिनोच्या विद्यापीठात वॉटर इंजिनिअरिंग, दोन वर्षं.

कळव्याची आत्या पेढे खायला आली. खुर्चीत नीट बसली, दोन पेढे खाल्ले आणि विचारलं, "काय शिकणार गं तिकडे?"

"पाणीपुरवठा. पाइपलाइनचं डिझाइन, प्रेशर, ते सगळं."

"म्हणजे नळ?" आत्या आईकडे बघून हसली. "ऐकलंस का वहिनी? बाप नळ सोडतो आणि पोरगी विमानात बसून नळ शिकायला चालली. घरातच शिकायचं ना, फुकटात!"

आई चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही. बाबा म्हणाले, "पेढा घे अजून," आणि विषय संपवला. माझं मात्र तोंड कडू झालं. आत्याने चेष्टा केली हे मला एवढं लागलं नाही. तिचं खरं होतं, ते लागलं. तिथूनच ते 'पाणी खात्यात' सुरू झालं असावं.

पहिल्या दिवशीच माझी फजिती झाली. वसतिगृहात सहा मुलींना मिळून एक स्वयंपाकघर होतं. पहिल्या सकाळी चारलाच डोळे उघडले. आमच्या घरी चारला डोळे उघडले की माणूस विचार करत नाही, नळाकडे जातो. मी गेले. नळ सोडला, पाणी आलं. आलंय म्हटल्यावर भरायला लागले. घरून आणलेला कुकर भरला. पास्ता उकळायचं मोठं पातेलं भरलं. सॅलडचा काचेचा वाडगा, चार बाटल्या, दोन जग, कुणाची तरी केटली. ओट्यावर जागा उरली नाही तेव्हा दोन भांडी खाली ठेवली. मग आंघोळ करून समाधानाने झोपले.

आठ वाजता बाहेर गलका. मिलानची एक मुलगी दरवाज्यावर टकटक करून विचारत होती, पाणी बंद होणार असल्याची नोटीस कुठे लागली आहे का? बाहेर आले तर पाचही जणी स्वयंपाकघरात उभ्या राहून माझी भरलेली भांडी बघत होत्या. म्हटलं, "सवय आहे." मग त्यांना हसू फुटलं. एकीने फोटो काढला. तो फोटो आमच्या मजल्याच्या ग्रुपवर फिरला, खाली पूर आलेल्या घरांची चित्रं जोडून.

एकच मुलगी हसली नाही. ती सिसिलीची होती, इटलीच्या पार दक्षिणेकडची. तिने माझ्या भरलेल्या बाटल्यांपैकी एक उचलली, ग्लासात पाणी ओतून प्यायली आणि म्हणाली, "माझी आजी बाथटबसुद्धा भरते. आमच्या गावात पाणी पाच दिवसांनी येतं. या उत्तरेतल्या लोकांना काय कळतंय!" तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

तोरिनोमध्ये रस्त्यांवर ठिकठिकाणी हिरवे लोखंडी खांब आहेत, कमरेएवढे. त्यांच्यावर बैलाचं तोंड आणि त्या तोंडातून पाणी पडत असतं. चोवीस तास. तोटी नाही, बंद करायची सोय नाही. प्यायचं स्वच्छ पाणी, कुणी प्यायलं तर प्यायलं, नाही तर गटारात. पहिल्या आठवड्यात मी अशा एका बैलासमोर उभं राहून घरी व्हिडिओ कॉल केला.

आई ओरडली, "बंद कर गो! बंद कर आधी!"

"बंद होत नाही आई. असंच असतं हे."

"असंच कसं असेल? बघ नीट, खाली असेल खटका."

बाबांनी फोन हातात घेतला. बराच वेळ नुसतं बघत राहिले. "रात्रीपण चालू?"

"हो."

"ह्याची चावी कुणाकडे असते?"

"चावीच नाही बाबा."

ते म्हणाले, "मग माझ्यासारखा माणूस तिथे काय करतो?"

मी म्हटलं, नेट जातंय, नंतर बोलू. नेट चांगलं होतं.

अभ्यासाचं आता सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकली. तिथे बऱ्याच विषयांची परीक्षा तोंडी असते. सर समोर बसतात, तुम्ही समोर, आणि मागच्या बाकांवर बाकीची मुलं ऐकत असतात. मार्क तीसपैकी. अठराला पास. सर तिथल्या तिथे आकडा सांगतात आणि विचारतात, घेता का? पहिल्या सत्रात एका विषयात मला वीस दिले. मी उठून उभी राहिले, "थँक यू सर" म्हटलं आणि बाहेर आले. सिसिलीवाली माझ्या मागोमाग धावत आली.

"वीस घेतलेस? तुला नीट येत होतं सगळं! नाही म्हणायचं ना!"

"कुणाला?"

"सरांना. घेत नाही म्हणायचं. पुढच्या तारखेला परत बसायचं. अगं म्हणूनच तर विचारतात ते!"

मला वाटलेलं, विचारतात ते सौजन्य म्हणून. जसं आमच्याकडे 'चहा घेणार का' विचारतात आणि हातात कप आलेलाच असतो. सरांनी दिलेले मार्क आम्ही आयुष्यात प्रसादासारखे घेतले, उजव्या हाताने, मान खाली घालून. ते परत देता येतात हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं.

शिष्यवृत्तीची अट साधी होती. ऑगस्टच्या आत ठरलेले विषय सुटले पाहिजेत. नाही सुटले तर शिष्यवृत्ती बंद, वसतिगृहातली खोली बंद, आणि मी मोहन्याला परत, अर्धी इंजिनिअर होऊन. जूनपर्यंत माझे सगळे सुटले होते, हायड्रॉलिक्स सोडून. त्या विषयाच्या दोन तारखा उरल्या होत्या, एक जूनच्या शेवटी आणि एक जुलैच्या शेवटी.

हायड्रॉलिक्सचे सर साठीचे, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेला. पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. ते पुस्तक मी पाठ केलं. पाठ म्हणजे पाठ, पान उलटल्याचा आवाजसुद्धा लक्षात राहील असं. मराठी शाळेतून इथवर मी याच जोरावर आले होते, मला दुसरी पद्धत माहीत नव्हती.

जूनच्या परीक्षेला सर आत आले आणि मी ताडकन उभी राहिले. मागे कुणीतरी खुदकन हसलं. सरांनी हाताने बसा म्हटलं आणि विचारलं, "वॉटर हॅमर. सांगा."

पाइपातलं वाहतं पाणी एकदम अडलं की त्याचा जो दणका बसतो तो वॉटर हॅमर. मी व्याख्या म्हटली, सूत्र लिहिलं, सूत्र सिद्ध केलं, पुस्तकातलं उदाहरणही आकड्यांसकट सोडवलं. सर चष्मा हातात फिरवत ऐकत होते. मग म्हणाले, "हे माझ्या पुस्तकात आहे, मला माहीत आहे. तुम्ही कधी तो आवाज ऐकलाय?"

मी ऐकलेला होता.

मी दहा वर्षांची असेन. सुट्टीत कधी कधी बाबांबरोबर जायचे. टेकडीवरच्या वस्तीची लाइन होती, सगळ्यात वरची, सगळ्यात शेवटी भरणारी. तिथे बाबा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडायचे. अर्धा फेरा, मग थांबायचं, चावीला कान लावायचा, परत अर्धा फेरा. त्या दिवशी तिथल्या एका पुढाऱ्याचा माणूस स्कूटर आडवी लावून ओरडायला लागला, "ए चावीवाल्या, नाटकं नको करूस, घरात लग्न आहे, उघड पटापट!" बाबांनी पटापट उघडला. थोड्या वेळाने रस्त्याखालून दणका आला, जमिनीखाली कुणी घणाने मारावं तसा, माझ्या पायांना लागला तो. मग दुसरा. मग चढावर एका ठिकाणी रस्ता फुगला आणि पाणी उसळलं. वस्तीला दोन दिवस पाणी नाही. बायका बाबांना नाही नाही ते बोलल्या. स्कूटरवाला तोवर गेलेला होता.

सरांनी विचारलं तेव्हा हे सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि त्याच्या मागून आत्या आली, पेढा खात. हे सांगायचं तर रस्ता सांगायचा, चावी सांगायची, शिव्या सांगायच्या.

"नो सर," मी म्हटलं.

सरांनी मान हलवली. बाजूच्या सहायकाशी दोन शब्द बोलले आणि मायेनेच म्हणाले, "बावीस. तुम्ही जिथून आलात तिथल्या मुलांसाठी हे चांगले मार्क आहेत. तुम्ही लोक पाठ फार छान करता. घेता?"

बावीस म्हणजे पास. शिष्यवृत्ती, खोली, दुसरं वर्ष, सगळं त्या एका 'हो' मध्ये होतं. मागच्या बाकावरून सिसिलीवाली मानेने मला 'घे घे' करत होती, जी मला नकार द्यायला शिकवत होती तीच.

"नाही सर," मी म्हटलं. "घेत नाही."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्हाला माहीत आहे ना, पुढच्या वेळी कमी मिळू शकतात? नापासही होऊ शकता?"

"माहीत आहे."

मी शूर वगैरे अजिबात नव्हते. बाहेर येऊन जिन्यावर बसले आणि पुढच्या तारखेला किती दिवस उरलेत ते बोटांवर मोजलं. सिसिलीवालीने डोकं धरलं होतं. "बावीस! बावीस घेऊन गप्प बसायचं होतं! त्या म्हाताऱ्याला नाही म्हणतात का कुणी?" पण मला एकाच वेळी दोन राग आले होते. एक सरांचा, 'तुम्ही लोक' म्हणाले म्हणून. दुसरा माझा. कारण मी खोटं बोलले होते आणि त्या खोट्याचे मार्क त्यांनी बरोबर दिले होते.

दुपारी घरी फोन केला. स्पीकरवर होता आणि आत्या नेमकी आलेली.

"बाबा, मी मार्क घेतले नाहीत."

"म्हणजे?"

"पास केलेलं. मी नको म्हटलं. परत देणार परीक्षा."

आई म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे ना गो तुझं?" मागून आत्या, "मी म्हटलेलं! दोन बुकं जास्त शिकली की असंच होतं. आता या परत, आणि घ्या बापाची चावी खांद्यावर!"

बाबांनी स्पीकर बंद केला. बाहेर पिंपाजवळ आले असावेत, कावळ्यांचा आवाज येत होता. "काय विचारलेलं त्यांनी?"

मी सांगितलं.

"मग? टेकडीवरची लाइन नाही सांगितलीस? तू होतीस की तिथे."

मी वही उघडली, परत मिटली.

"पाणी खात्यात आहेत म्हणून सांगतेस ना तिकडे? आई बोललेली मला." त्यांच्या आवाजात राग नव्हता, मला तो असता तर बरं वाटलं असतं. "खोटं नाही ते, बाय. पण अर्धंच आहे."

मग तेच म्हणाले, "लिहून घे."

पुढचा महिनाभर बाबा मला शिकवत होते. आमच्या घरातला नववी शिकलेला माणूस इटलीतल्या विद्यापीठाच्या परीक्षेची तयारी करून घेत होता, आणि ज्याला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं. बाबा फेरीवर फोन घेऊन जायचे. झाकण उघडून दाखवायचे, चावीचे फेरे मोजून सांगायचे. रिकाम्या पाइपात आधी हवा असते, ती आधी निघायला हवी. घाई केली की हवा एकदम निसटते आणि मागचं पाणी येऊन आदळतं. हवा निघतेय तोवर चावीतून शिट्टीसारखं ऐकू येतं, मग घरघर, मग नुसतं जड वाटतं. जड वाटलं की पुढचा फेरा. मी ते वहीत लिहायचे आणि दुपारी त्याला गणितात बसवायचे. कधी बसायचं, कधी नाही. सिसिलीवाली बाजूला बसून ऐकायची. बाबा तिला स्क्रीनवरून रोज विचारायचे, "जेवलीस का?" ती रोज मराठीत "जेवले" म्हणायची, भले सकाळचे आठ का वाजलेले असेनात.

जुलैची परीक्षा. सर आत आले. मी उभी राहिले. या वेळी मुद्दाम. शिक्षक आले की मी उभी राहते, माझी शाळा तशी होती.

"परत आलात," सर म्हणाले. "ठीक. विषय तुम्ही निवडा, सुरुवात तिथून करू." तिथे अशी मुभा देतात.

"वॉटर हॅमर," मी म्हटलं. "मागच्या वेळी तुम्ही विचारलेलं, आवाज ऐकलाय का. मी नाही म्हटलं. ते खोटं होतं. माझे वडील पाणी सोडतात."

आणि सांगितलं. चावी, झाकण, पहाटेचे चार, टेकडी, स्कूटर, दणका. मग फळ्याजवळ गेले आणि चढावरची लाइन काढली. सर मध्येच म्हणाले, "पण हे अभ्यासक्रमात नाही."

"नाही सर. तुमच्या पुस्तकातला पाइप कायम भरलेला असतो. आमचा दिवसातले बावीस तास रिकामा असतो. तुमचं सूत्र बरोबर आहे, पण ते आमच्या पहिल्या दहा मिनिटांना लागू होत नाही. आणि फुटायचं ते त्याच दहा मिनिटांत फुटतं."

सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि माझी सालटी काढायला सुरुवात केली. हवा दाबली जाते ते धरलंत का? चढाचा कोन बदलला तर? हे समीकरण कुठून आलं? चाळीस मिनिटं. एका ठिकाणी माझी चूक निघाली, ती त्यांनी मलाच शोधायला लावली. शेवटी विचारलं, "हवा पूर्ण निघायला किती वेळ लागतो, ते कसं काढाल?"

"नाही येत मला."

"मग तुमचे वडील कसं ठरवतात?"

"कानाने."

सरांनी चष्मा काढून गळ्यात सोडला. मग म्हणाले, "सव्वीस." मी कुठून आले याबद्दल या वेळी काही बोलले नाहीत. "घेता?"

मी लगेच हो म्हटलं नाही. खुर्चीत नीट बसले, मनात एकदा हिशोब केला की हे माझे आहेत का. होते.

"घेते," मी म्हटलं.

बाबांना फोन लावला तेव्हा ते फेरी संपवून चहाच्या टपरीवर होते. "तीसपैकी सव्वीस," मी सांगितलं. "खोली राहिली. पुढचं वर्ष झालं पक्कं."

"उरलेले चार कशाचे गेले?"

"हवा किती वेळ काढायची ते सांगता आलं नाही."

"ते मलाही सांगता येत नाही," बाबा म्हणाले आणि टपरीवाल्याला ओरडले, "अजून एक दे रे, साखर जास्त टाक!"

आता दुसरं वर्ष चालू आहे. माझा प्रबंध त्या दहा मिनिटांवरच आहे, चष्मेवाल्या सरांकडेच. आत्याला परवा फोनवर सांगितलं, हो, नळच शिकतेय, कुणाला शिकायचा असेल तर पाठव माझ्याकडे. ती म्हणाली, "तोंड फार चालायला लागलं हिचं."

सकाळी उठून मी अजूनही दोन बाटल्या आणि कुकर भरून ठेवते. या वर्षी मजल्यावर नवीन मुली आल्यात. एकीने विचारलं, पाणी जाणार आहे का? म्हटलं, नाही, इथे जात नाही. मग कशाला भरतेस? मी तिला खुर्ची दिली. म्हटलं बस, जरा वेळ लागेल. माझे बाबा पाणी सोडतात.